दीड इंच माया

माझ्या मोठ्या जाऊबाई टेप वापरत नसत. टेप होता, मशीनच्या ड्रॉवरमध्ये गुंडाळून ठेवलेला, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बाई दारात चपला काढून आत येईपर्यंत त्यांचं माप घेऊन झालेलं असायचं. मी त्यांना आक्का म्हणते. त्यांचं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिकडे थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात. लग्न होऊन मी कोरेगावला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला ओसरीवर उभं केलं, एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन ब्लाऊज माझ्या हातात ठेवले. माहेरच्या शिंप्याने बस्त्यातल्या साड्यांवर शिवलेले सहाच्या सहा मला काखेत काचत होते. आक्कांचा अंगात घातला, हात वर करून फळीवरचा डबा काढला, आणि ब्लाऊज जागचा हलला नाही. मी वीस वर्षांची होते. परक्या घरात मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला तो त्या ब्लाऊजमध्ये, असं म्हटलं तर हसू येईल, पण ते खरं आहे.

त्या माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या. थोरले दीर फौजेत होते. रिटायर होऊन घरी आले आणि दोनच वर्षांत हार्ट अटॅकने गेले. एकुलती लेक लग्न होऊन पुण्याला. पेन्शन होती, ऊस होता, शेतीचं माझे मिस्टर बघत होते. आक्कांना शिवणाची गरज आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. दिरांचे दिवस झाले आणि तिसऱ्याच सकाळी त्या मशीनवर बसल्या. भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. आक्कांनी मान वर केली नाही.

त्यांच्या शिवण्यात एक गोष्ट जगावेगळी होती. शिलाईच्या आत जे जादाचं कापड ठेवतात त्याला आपण माया म्हणतो. शिंपी अर्धा इंच ठेवतो, फार तर पाऊण. आक्का दोन्ही बगलांना दीड दीड इंच ठेवायच्या. कापड कमी पडलं तर आतली पट्टी दुसऱ्या कापडाची लावायच्या, पण माया कमी करायच्या नाहीत.

"बाईचं अंग काय एका मापावर ऱ्हातंय व्हय?" त्या म्हणायच्या. "पोटुशी ऱ्हाती, बाळंत हुती, ऊसतोडीला गेली की वाळती, गोळ्या-औषधानं सुजती. दरवेळी तिनं नवं कापड कुठनं आणायचं? उसवलं की झालं."

गल्लीतल्या बायका वर्ष-दोन वर्षांनी तोच ब्लाऊज घेऊन यायच्या. आक्का ब्लेडने एक शिलाई काढायच्या, बाहेरच्या बाजूला दुसरी मारायच्या. चहा होईपर्यंत काम झालेलं असायचं.

तयार ब्लाऊज विकायची कल्पना माझी. मी बी.कॉम. झालेली, घरात बसून कंटाळलेली. बाजारात तयार ब्लाऊज मिळत होते, पण ते शेतात राबणाऱ्या बाईच्या दंडात जातच नसत. मी आक्कांच्या ब्लाऊजचे फोटो काढून बचत गटाच्या आणि शाळेच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकले. आठवडाभरात एवढ्या बायकांनी विचारलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

मापांचं काय करायचं यावर आक्कांनी तोडगा काढला. छत्तीस, अडतीस हे आकडे त्यांना मान्य नव्हते. आमच्या गल्लीतल्या पाच बायका त्यांनी निवडल्या. पोस्टमनची बायको, दूध घालणाऱ्या काकू, अंगणवाडीची बाई, किराणावाल्याची सून आणि बाजारात माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणारी मावशी. "ह्या पाच जणींत आख्खा तालुका बसतोय," त्या म्हणाल्या. लेबलवर मी एक ते पाच आकडे छापून घेतले, पण घरात आम्ही बोलायचो ते "पोस्टमनीण बारा नग, माळवंवाली आठ" असंच.

दीड वर्ष दोघींनी मिळून ते केलं. त्या कापायच्या, शिवायच्या. मी हुकं लावायची, इस्त्री करायची, पार्सल करून पोस्टात नेऊन द्यायची. दुपारी जेवायला त्या मशीनवरून उठायच्या नाहीत, तर मी भाकरीचा घास करून त्यांच्या तोंडात द्यायची. त्या चावत चावत बोलत राहायच्या. पुढे त्यांची मान धरायला लागली. दोन बायका मदतीला ठेवल्या, पण त्यांचं शिवलेलं आक्का रात्रीतून उसवून पुन्हा शिवायच्या. ऑर्डरी तुंबल्या. तेव्हा मी म्हणाले, "आक्का, आता बाहेरनं शिवून घ्यावं लागंल. एखादा कारखाना बघू."

त्यांनी हातातला दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, "बघू की. पण मी संगं येणार."

पहिल्यांदा आम्ही साताऱ्याला गेलो. एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना होता. मालक केबिनमध्ये बसलेला, बोलायला गोड. आक्का सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत पाच मापांचे पाच ब्लाऊज. मालकाने एक ब्लाऊज उलटा-सुलटा केला आणि मला म्हणाला, "मॅडम, एका मापाचे निदान तीनशे नग घ्यावे लागतील. आणि हे आत एवढं कापड कशाला? आमच्याकडे ओव्हरलॉक मशीन जादाचं कापूनच टाकतं. हे सगळं वाया जातंय."

"वाया न्हाई जात," आक्का म्हणाल्या. "आत ठेवलंय."

तो हसला आणि पुन्हा माझ्याशीच बोलायला लागला.

नंतर सांगलीला. पॅसेंजरने गेलो. तिथला कारखाना मोठा होता, ड्रेस आणि कुर्ते शिवणारा. त्यांनी आठ दिवसांत नमुना शिवून द्यायचं कबूल केलं आणि दिलाही. दिसायला फार सुरेख होता. मी खूश झाले. आक्कांनी बायकांच्या खोलीत जाऊन तो घातला, बाहेर आल्या, आणि हात वर करू लागल्या. हात खांद्याच्या वर जाईना.

"ब्लेड हाय का?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

सगळ्यांसमोर त्यांनी मुंढा उसवला, म्हणजे बाही जिथे जोडतात ती जागा, आणि बोट ठेवून दाखवलं. "हितं अर्धं बोट जास्त कापलंय. म्हणून वडतंय."

"आवं मावशी, समद्या बायका असंच घालत्यात," सुपरवायझर म्हणाला.

"घालत्यात," आक्का म्हणाल्या. "आन् घरी आल्याबरोबर काढून फेकत्यात."

परतीच्या गाडीत मी हिरमुसले होते. आक्कांनी स्टेशनवर भडंगाची पुडी घेतली होती. मला मूठभर देत म्हणाल्या, "मिळंल गं कुणीतरी. न्हाई मिळालं तर मी हाय की." त्या वाक्याचा शेवट मी तेव्हा नीट ऐकला नाही. मला वाटलं, त्या मला धीर देताहेत.

तिसऱ्या खेपेला सांगलीच्या पेठेत हुकं आणि रिळं घेताना दुकानदाराने माधवनगरचा पत्ता दिला. तिथली गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बारा मशीन चालतात, म्हणाला. मास्तर चांगला माणूस आहे, पण हट्टी आहे. आम्ही रिक्षाने गेलो.

मास्तर साठीचे होते. चष्म्याच्या एका दांडीला दोरा गुंडाळलेला. त्यांच्याकडे बारा बायका शिवत होत्या आणि कोपऱ्यात रेडिओ चालू होता. मी पिशवीतून ब्लाऊज काढून दिला. आतापर्यंत सगळ्यांनी तो आधी बाहेरून पाहिला होता. मास्तरांनी हातात घेतल्या घेतल्या उलटा केला आणि बगलेवरून अंगठा फिरवला.

"ही माया कुणी ठेवली?"

मला वाटलं, झालं, आता हेही तेच म्हणणार.

"म्या," आक्का म्हणाल्या.

"किती वेळा उसवता येतंय?"

"तीनदा."

मास्तर मोठ्याने हसले. "माझी आई एवढीच ठेवायची," म्हणाले. मग आक्कांच्या बोलण्याचा हेल ओळखून त्यांनी विचारलं, तुमचं गाव कुठलं. आक्कांनी सांगितलं. मास्तरांचं गाव तिथून हद्दीपलीकडे दहा मैलांवर निघालं. "बर्री, अक्का, बर्री," म्हणजे या, या, असं म्हणत त्यांनी जमिनीवर सतरंजी अंथरली आणि तिथून पुढे ती दोघं कानडीत बोलू लागली.

तीन तास ती दोघं त्या सतरंजीवर बसून होती. मध्ये पुठ्ठे, खडू, कात्री. आक्का पोस्टमनीण कशी उभी राहते ते उठून करून दाखवायच्या, माळवंवाली पाटी कशी उचलते ते दाखवायच्या. मास्तर पुठ्ठ्यावर रेघ मारायचे, पुसायचे, पुन्हा मारायचे. मला कानडी येत नाही. मी भिंतीला टेकून फोन बघत बसले होते आणि मनातून सुखावले होते, कारण काम जमतंय हे दिसत होतं. आक्कांना एवढं बोलताना मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मास्तरांनी पाच पुठ्ठे कापले आणि त्यांच्यावर आकडे न लिहिता पाच बायकांची नावं लिहिली.

येताना गाडीत आक्का खिडकीशी बसल्या होत्या. किर्लोस्करवाडी गेलं तरी बोलत होत्या. "बग, चाळीस वरसं शिवतीय," त्या म्हणाल्या, "पर माझं कुणी लिवून घेतलं नव्हतं."

पहिला लॉट आला तेव्हा आम्ही प्रत्येक नग उलटा करून पाहिला. आक्कांनी शिवल्यासारखाच होता. त्यांनी स्वतः एक घातला, हात वर केले, खाली केले. म्हणाल्या, "मास्तर खरा हाय." मला वाटलं, आमचं भाग्य उजळलं. तसं ते उजळलंही. मास्तर वेळेवर माल देत होते, तक्रार येत नव्हती, पार्सलं सोलापूर, बेळगावपर्यंत जात होती.

सुरुवातीला दर लॉटला आक्का माझ्याबरोबर माधवनगरला यायच्या. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मीच म्हणाले, तुमी कशाला दगदग करताय, मी बघते. घरातल्या मदतीच्या दोन बायका बंद केल्या. शिवायचं कापड घरी येईनासं झालं. आक्का सकाळी आवरून मशीनवर बसायच्या, तेल घालायच्या, पुसायच्या, गल्लीतलं काही उसवायला आलं तर करायच्या. एकदा मी पार्सलांच्या गराड्यात बसले होते, फोन खांद्याने कानाला दाबून धरलेला, आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता मी काय करू गं?"

"आराम करा की आक्का," मी म्हणाले. "लय केलंत आजवर."

खूप चांगलं काहीतरी बोलल्याच्या समाधानात मी पुन्हा फोनवर बोलायला लागले. त्या किती वेळ दारात उभ्या होत्या, मला माहीत नाही.

पुढे पुण्याच्या एका दुकानाने आमचे ब्लाऊज घ्यायचं ठरवलं. दुकान मोठं, बाई हुशार. तिने फोन करून सांगितलं, माप छान आहे, पण आतून जाड दिसतं. शहरातल्या बायकांना बगलेत कापडाची घडी नको असते. आत स्वच्छ ओव्हरलॉक हवं, माया अर्धा इंच पुरे. दोन दिवस मी विचार केला. म्हणजे विचार काय केला, मनात होकार देऊन झाला होता, फक्त आक्कांना कसं सांगायचं एवढंच उरलं होतं. ते सुचेना. सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मी माझं मीच ठरवून टाकलं आणि सांगितलंच नाही.

मी एकटीच माधवनगरला गेले. मास्तरांनी ऐकून घेतलं. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले पाच पुठ्ठे त्यांनी खाली काढले आणि हातात धरून उभे राहिले.

"आक्कांना विचारलंत?"

"हो."

"त्या हो म्हणाल्या?"

"हो म्हणाल्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. "मग ठीक हाय," ते म्हणाले आणि नवा पुठ्ठा घेऊन बसले. जुने पुठ्ठे त्यांनी फेकले नाहीत, परत खिळ्याला लावले. फक्त पुण्याच्याच मालासाठी वेगळे पुठ्ठे ठेवता आले असते. तसं त्यांनी सुचवलंही. मीच म्हणाले, दोन तऱ्हा नकोत, गोंधळ होतो, सगळाच माल असा करा.

सहा-सात महिने गेले. आमच्या गल्लीतली एक सून माहेरी बाळंतपण करून परत आली होती. सातव्या महिन्यात तिने आमचा ब्लाऊज नेला होता, तेव्हा आक्कांनीच तिला सांगितलं होतं, घे बिनघोर, आत माया हाय, बाळंत होऊन आलीस की सैल करून देते. ती बाळाला कडेवर घेऊन आली. आक्कांचा चेहरा फुलला. बाळाच्या गालाला हात लावून त्यांनी ब्लाऊज घेतला, मशीनवर बसल्या, ब्लेड काढलं आणि ब्लाऊज उलटा केला.

मी तिथेच होते, लेबलं मोजत.

आक्कांनी एक बगल पाहिली. मग दुसरी पाहिली. आत अर्धा इंच कापड आणि त्याच्या काठाला पांढऱ्या दोऱ्याचं ओव्हरलॉक. उसवायला काही नव्हतंच. त्यांनी लेबल उलटून बघितलं, आपलंच आहे ना याची खात्री केल्यासारखं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्या हातातली लेबलं मात्र थांबली होती.

"काय झालं ओ मोठ्याई?" त्या सुनेने विचारलं.

"काय न्हाई बाई," आक्का म्हणाल्या. "माझ्याकडनं चुकलं. माया ठेवायची राहिली. थांब, कळी घालून देते."

ड्रॉवर उघडून त्यांनी त्या रंगाचा तुकडा शोधला. बरोबर रंग मिळाला नाही, जवळचा मिळाला. दोन्ही बगलांत त्यांनी तिकोनी तुकडे जोडले, इतके सफाईने की हात वर केल्याशिवाय दिसू नयेत. पोरगी आनंदाने गेली. आक्कांनी मशीनवरचे दोरे झाडले, झाकण घातलं, आणि आत जाऊन भाजी निवडायला बसल्या.

मी मागोमाग गेले. "आक्का, पुण्याच्या दुकानवालीनं..." एवढं म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मेथी दोन जुड्या हाय. सगळीच करू का?"

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात त्या सगळं पूर्वीसारखंच करत होत्या, माझ्याशी बोलत होत्या, माझ्या मुलाच्या डब्याला काय द्यायचं ते विचारत होत्या. फक्त मशीनचं झाकण निघालं नाही. गल्लीतल्या बायका उसवायला आल्या तर, माझी नजर गेली बाई, आता सुईत दोरा जात न्हाई, असं सांगून परत पाठवायच्या. त्यांची नजर चांगली होती. तांदळातला खडा त्या दुरून टिपायच्या.

महिनाभराने जतहून आक्कांच्या भावाचा फोन आला. आई पाय घसरून पडली, अंथरुणाला खिळली, भावजय एकटीच. आक्कांनी एका पिशवीत चार लुगडी भरली. मिस्टर म्हणाले, गाडीने सोडतो. नको म्हणाल्या. मी एसटी स्टँडपर्यंत गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, नेहमी ठेवायच्या तसा. "पोराला सर्दी हाय, थंड पाणी देऊ नको," म्हणाल्या. मला वाटलं, पंधरा दिवसांत येतील.

त्याच आठवड्यात मी माधवनगरला गेले आणि मास्तरांना खरं सांगितलं. वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ कात्रीच्या पात्याला लागलेला चिकट डाग नखाने खरवडत राहिले.

"ताई, त्या दिवशी मी त्यांना फोन लावायला पाहिजे होता," ते म्हणाले. "नंबर होता माझ्याकडं. मला जरा शंका आली होती. पण मी म्हणलं, घरातलं घरात बघतील."

चूक माझी, आणि ती दोन माणसांनी माझ्यासमोर आपापल्या अंगावर घेतली. मला कुणी एक शब्द बोललं असतं तर मला रडता तरी आलं असतं. मास्तरांनी जुने पुठ्ठे खिळ्यावरून काढले. पुढच्या लॉटपासून माया पुन्हा दीड इंच झाली. पुण्याच्या दुकानाने माल घेणं बंद केलं, आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. मी फोन करायची. आक्का आईची तब्येत सांगायच्या, फोन ठेवायच्या. ब्लाऊजमध्ये माया परत ठेवलीय हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्या "बरं केलंस" म्हणाल्या. मशीन इथे आहे तोवर त्या येतील, असं मी धरून चालले होते. मग एके दिवशी त्यांचा आपणहून फोन आला. "एखादा टेम्पो जतकडं येणार असला तर माझी मशीन पाठीव. हितं लोकांचं बारीकसारीक शिवायला हुईल."

मी पाठवली नाही, स्वतः घेऊन गेले. ओळखीचा टेम्पो केला, मशीन गोधडीत गुंडाळून मागे बांधली आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले. विटा, कवठेमहांकाळ करत जत ओलांडलं. आमच्याकडे ऊस डोक्यावर गेलेला, आणि इथे ज्वारीची धाटं गुडघ्याएवढी, मेंढरांचा कळप रस्ता आडवा करून चाललेला.

आक्का वाळल्या होत्या. अंगातला ब्लाऊज खांद्यावर उतरला होता. त्यांनी मला पाणी दिलं, आईला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, आणि मग माझ्यासमोर येऊन बसल्या. मी रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरले.

"आक्का, माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पर माया कमी केलीस म्हणून न्हाई. शेरातल्या बाया येगळ्या आसतील. त्यांना नको आसंल. तू इचारलं असतंस तर मी व्हय म्हणले असते."

"खरंच?"

"मग? तुला काय वाटलं, मी आडवी पडले असते? तुझ्या पोटात शिरून मी तुझं वाईट चिंतलं असतं व्हय?" ओढणीसारखा घेतलेला टॉवेल त्यांनी मांडीवर सारखा केला. "त्या पोरीपुढं मला खोटं पडाय लागलं बग. माझ्या तोंडाचा शबुद हुता त्यो. आन् तू तितंच बसली हुतीस. तुला ठावं हुतं, मला न्हवतं. माझ्याच शिवणाचं मला ठावं न्हवतं."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. बाहेर टँकर आल्याचा गलका झाला तशा उठल्या, दोन घागरी माझ्या हातात दिल्या, दोन स्वतः घेतल्या. रांगेत आम्ही पुढे-मागे उभ्या होतो. एका बाईने कानडीत काहीतरी विचारलं, बहुधा ही कोण म्हणून. आक्कांनी उत्तर दिलं. बाई माझ्याकडे बघून हसली. काय सांगितलंत असं मी विचारलं नाही. त्यांनी जे सांगितलं असेल ते ऐकायची माझी लायकी उरली आहे की नाही, हे मला ठरवता येईना.

पाणी भरून झालं, मशीन ओसरीवर उजेडाच्या बाजूला लावून झाली. ड्रायव्हर घाई करत होता. मी म्हणाले, "आईंना बरं वाटलं की या. खोली तशीच आहे."

"बघू," आक्का म्हणाल्या.

आमच्या घरात पोरांना तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आक्का "बघू" म्हणायच्या. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांची आई गेल्या उन्हाळ्यात गेली. दिवस करून मी आणि मिस्टर परत आलो. आक्का आल्या नाहीत. भावाने त्यांना घराशेजारी एक खोली बांधून दिली आहे. सणावाराला फोन होतो. माझ्या मुलाच्या परीक्षा त्यांना तारखेसकट पाठ असतात. पाऊस झाला का, त्यांच्या लेकीचं बाळ कसं आहे, दूध डेअरीला जातं का, सगळं बोलून होतं. धंद्याचं त्या काही विचारत नाहीत. मीही सांगत नाही. फोन ठेवताना दर वेळी त्या म्हणतात, "जेवत जा वेळेवर," आणि मी हो म्हणते. दुपारी मात्र पार्सलं बांधता बांधता तीन वाजतात.